तारापूर ते लघु अणुभट्टी : महाराष्ट्रातील अणुविद्युतेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कोल्हापूर परिसराचा औद्योगिक विकास आणि विजेचा प्रश्न यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्री उद्योग वाढला. विजेवर चालणाऱ्या भट्ट्यांमुळे अखंड व परवडणारी वीज ही या उद्योगाची मूलभूत गरज बनली. अलीकडे या गरजेवरील उपाय म्हणून लहान मॉड्युलर अणुभट्ट्यांची चर्चा होऊ लागली आहे. तीनशे मेगावॅटपर्यंत क्षमता, कारखान्यात तयार होणारे सुटे भाग आणि जागेवर होणारी जोडणी, ही त्यांची वैशिष्ट्ये होत. ही कल्पना नवी वाटत असली तरी लहान अणुभट्टीचा अनुभव महाराष्ट्राला अर्ध्या शतकाहून अधिक काळ आहे. त्या अनुभवाचा विचार येथे केला आहे.

तारापूरची निवड

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. ती संशोधनासाठी होती. विद्युतनिर्मितीसाठी डॉ. होमी भाभा यांनी मांडलेला युक्तिवाद भूगोलावर आधारलेला होता. देशातील प्रमुख कोळसा क्षेत्रे पूर्व व मध्य भागात आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील उद्योगांपर्यंत कोळसा वाहून आणण्याचा खर्च लक्षात घेता तेथे अणुविद्युत स्पर्धेत टिकू शकेल, असे त्यांचे मत होते. त्यातून तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर) तारापूरची निवड झाली. १९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम देण्यात आले. भाभांचे जानेवारी १९६६ मध्ये अपघाती निधन झाले. त्यांच्या पश्चात, ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्रातील दोन्ही संचांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली.

या संचांची मूळ क्षमता प्रत्येकी सुमारे २१० मेगावॅट होती व पुढे ती १६० मेगावॅटवर आणण्यात आली. आजच्या व्याख्येनुसार हे संच 'लहान' ठरतात. मात्र कारखान्यात एकाच नमुन्याच्या अनेक भट्ट्या तयार करून खर्च कमी करण्याची कल्पना त्यामागे नव्हती. त्यामुळे ते 'मॉड्युलर' नव्हते. हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

इंधनाचा धडा

तारापूरच्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. त्याचा पुरवठा अमेरिकेने करावयाचा होता. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परिस्थिती पालटली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि पुरवठ्याचा वाद तीव्र झाला. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन मिळण्याची व्यवस्था झाली. पुढे चीन व रशिया यांच्याकडूनही ते घ्यावे लागले. भट्टी भारतीय भूमीवर असली, तरी तिची चावी परदेशात होती, असे या प्रसंगाचे सार सांगता येईल. याउलट नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालणाऱ्या २२० मेगावॅटच्या भट्ट्या भारतीय तंत्रज्ञांनी स्वबळावर विकसित केल्या. नरोरा, काक्रापार व कैगा येथील केंद्रे ही त्याची उदाहरणे होत.

समाज आणि सुरक्षितता

तारापूरच्या विस्ताराची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदविली आहे. ५४० मेगावॅटचे तिसरा व चौथा हे संच २००५–०६ मध्ये सुरू झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांना विस्थापित व्हावे लागले आणि पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प योजिण्यात आला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. पुढच्याच महिन्यात जैतापूरच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. दक्षिण महाराष्ट्राला ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण आहे. तेव्हा भट्टीचा आकार लहान झाला म्हणून जागेची निवड, स्थानिकांची संमती व किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था हे प्रश्न लहान होत नाहीत.

नव्या पर्वाची सुरुवात

१९६२ च्या कायद्याने अणुविद्युतनिर्मिती केंद्र शासनाच्या हाती ठेवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये २२० मेगावॅटच्या 'भारत लघु अणुभट्टी'साठी खाजगी उद्योगांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. २०२५ च्या अर्थसंकल्पात वीस हजार कोटी रुपयांच्या अभियानाची घोषणा झाली आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी लघु भट्ट्यांचे उद्दिष्ट ठरले. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मिती कंपनीने थोरियमवर आधारित लघु भट्टीच्या विकासासाठी रशियाच्या रोसाटॉमबरोबर सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत करून या क्षेत्रात खाजगी सहभागाचा मार्ग मोकळा केला.

जागतिक अनुभव मात्र सावधगिरी सुचवितो. २००७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील न्यूस्केल या नवोद्योगाच्या आराखड्याला जानेवारी २०२३ मध्ये नियामक प्रमाणपत्र मिळाले. तरीही वाढलेल्या खर्चामुळे त्याचा पहिला नियोजित प्रकल्प त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. कारखान्यात भट्ट्या घडविण्याचा लाभ अनेक भट्ट्यांची मागणी असेल तरच पदरात पडतो. पहिल्या भट्टीचा भार मात्र पहिल्या ग्राहकावरच पडतो.

निष्कर्ष

तारापूरच्या इतिहासातून तीन कसोट्या हाती येतात : इंधनाचे स्वावलंबन, खर्चाची पारदर्शकता आणि बाधितांचा विश्वास. या कसोट्यांवर उतरणारी लघु भट्टी कोल्हापूरसारख्या औद्योगिक परिसराला खरोखर उपकारक ठरू शकेल. केवळ आकाराच्या आधारावर तिचे स्वागत करणे किंवा तिला नाकारणे हे दोन्ही इतिहासाशी विसंगत ठरेल.