लिफाफ्यातील लिफाफा

जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. विनायक दामोदर सावरकर यांनी केलेला त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि सरकारने तो जप्तही केला. या इटालियन देशभक्ताच्या चरित्रातील एक प्रकरण मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ते आहे त्याच्या टपालाचे.

१८४४ साली मॅझिनी लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होता. आपली पत्रे वाटेत कोणीतरी उघडते, असा त्याला संशय आला. खात्री करून घेण्याची त्याची रीत मोठी साधी होती. पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस घालून ठेवावयाचा. पाकीट हाती येई तेव्हा मोहर शाबूत असे आणि दाणे नाहीसे झालेले असत! १४ जून रोजी टॉमस डन्कोम्ब या सभासदाने मॅझिनी व त्याच्या सहकाऱ्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे मांडला, आणि पत्रे उघडण्याचा हुकूम आपण दिला होता, हे गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांना लपविता आले नाही. पत्रांतून मिळालेली माहिती परकीय सरकारला पुरविली गेली, हेही पुढे उघडकीस आले. गृहमंत्र्यांच्या नावाचे क्रियापदच झाले. ‘हे पत्र ग्रॅहॅम करू नये’ असे लोक पाकिटावर लिहू लागले. टपालखात्यातील गुप्त कचेरी त्याच वर्षी बंद झाली. हुकूम काढण्याचा अधिकार मात्र राहिला.

हिंदुस्थानात हाच अधिकार १८८५ च्या तार कायद्यात आणि १८९८ च्या टपाल कायद्यात आला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्याला आळा घालण्याची एक संधी येऊन गेली. १९४७ च्या मार्चमध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे जे मसुदे आले, त्यांपैकी कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुद्यात नागरिकाचे घर व कागदपत्रे यांची अवाजवी झडती होऊ नये अशी तरतूद होती. उपसमितीला हे पटले. परंतु गुन्ह्यांच्या तपासात अडचण होईल, असा आक्षेप अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनाविषयक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी घेतला, आणि घटनेत ते कलम आले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. २०२३ साली तार व टपाल या दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी नवे कायदे आले. संदेश अडविण्याचा अधिकार त्यांतही आहे.

दरम्यान पत्राचे रूपच पालटले होते. इंटरनेटवर पाठविलेला संदेश ज्या कंपनीच्या तारेतून जातो, तिला मजकूर दिसला नाही तरी पत्ता बहुधा दिसतो. कोणत्या रोगाची माहिती कोणत्या रात्री शोधली, हे कळण्यास पुष्कळदा पत्ताच पुरेसा होतो. व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी जाळे, हा त्यावरचा उपाय. १९९० नंतरच्या दशकात तो निघाला तो कचेऱ्यांच्या सोयीसाठी : परगावी गेलेल्या कर्मचाऱ्याला कंपनीच्या यंत्रांशी सुरक्षितपणे बोलता यावे, एवढाच हेतू होता. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या पाळतीचे कागद उघड केले, आणि घरगुती ग्राहकही या उपायाकडे अधिक आस्थेने पाहू लागला.

त्याची युक्ती लिफाफ्यात लिफाफा घालण्याची आहे. आतल्यावर खरा पत्ता, बाहेरच्यावर मध्यस्थाचा. तार पुरविणारी कंपनी केवळ बाहेरचा पाहते; पलीकडच्या संकेतस्थळाला मध्यस्थाचा पत्ता दिसतो. आपले नाव सांगून आत शिरणाऱ्याला मात्र हा लिफाफा लपवू शकत नाही, कारण नाव त्याने स्वतःच दिलेले असते. आणि मध्यस्थ? त्याला प्रेषकही ठाऊक असतो आणि पत्ताही. पाळत येथे नाहीशी होत नाही. ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा तो माणूस तेवढा बदलतो. ‘आम्ही नोंदवही ठेवत नाही’ असे मध्यस्थ जाहिरातीत सांगतो. मॅझिनीला निदान खसखस घालून पाहता येत होती. या ग्राहकाला तीही सोय नाही. फार तर मध्यस्थाने बाहेरच्या हिशेबतपासनिसाकडून करून घेतलेली तपासणी त्याने वाचावी.

भारत सरकारच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी नेमका या नोंदवहीलाच हात घातला. व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेला इंटरनेटवरील पत्ता आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद ठेवावी, आणि ग्राहक सोडून गेल्यावरही ती किमान पाच वर्षे जपावी, असा तो आदेश होता. संगणकी गुन्ह्यांच्या तपासात माहिती अपुरी पडते, हे त्याचे कारण. १९४७ साली उपसमितीत ऐकू आलेले कारण याहून फार निराळे नव्हते. कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांना यातून वगळण्यात आले. सामान्य ग्राहकासाठी अंमलाची मुदत २५ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. त्यापूर्वीच, जूनमध्ये, एक्सप्रेसव्हीपीएन या कंपनीने भारतातील आपली यंत्रे हलविली, आणि पाठोपाठ इतरांनीही तोच मार्ग धरला. तिच्या ग्राहकाला त्यानंतरही भारतीय पत्ता निवडता येई. तो पत्ता देणारी यंत्रे मात्र सिंगापूर आणि ब्रिटन येथे होती.