शिंदे, सदाशिव गणपतराव

(१८ ऑगस्ट १९२३ – २२ जून १९५५). भारतीय कसोटी क्रिकेटपटू. सदू शिंदे या नावाने परिचित. जन्म मुंबईचा. उजव्या हाताने मनगटी फिरकी टाकीत. गुगली हे त्यांचे खास अस्त्र. या फिरकीचा नेहमीचा चेंडू, लेगब्रेक, उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांकडून बाहेर जातो. गुगलीत मनगट जास्त वळते, चेंडू हाताच्या पाठीमागून सुटतो आणि टप्पा पडल्यावर उलटा आत येतो. मनगट वाचता आले नाही, तर फलंदाज फसलाच.

१९४३-४४ च्या रणजी हंगामात विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. त्या डावात महाराष्ट्राकडून विशीतल्या शिंदे यांनी ७५.५ षटके टाकून १८६ धावांत ५ बळी घेतले. समोर मर्चंट खेळत असताना इतकी षटके टाकत राहणे ही चिकाटी त्या पाच बळींहूनही मोठी वाटते. पुढे ते बडोदा आणि मुंबईकडूनही खेळले.

२२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सवर पहिली कसोटी. अकराव्या क्रमांकावर येऊन त्यांनी रुसी मोदींबरोबर ४३ धावा जोडल्या आणि भारताच्या दोनशे धावा झाल्या. पण कारकिर्दीचा खरा दिवस दिल्लीचा. नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला, त्यात शिंदे यांचे ९१ धावांत ६ बळी. मर्चंट आणि विजय हजारे यांच्या शतकांनी भारताला मोठी आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात मात्र शिंदे यांच्या गोलंदाजीवर झेल सुटले, ॲलन वॉटकिन्स नाबाद १३७ धावा करून तळ ठोकून राहिले आणि सामना अनिर्णित राहिला. ते झेल हाती लागते, तर भारताचा पहिला कसोटी विजय दिल्लीतच साजरा होण्याची मोठी शक्यता होती. तो फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला मिळाला. त्या संघात शिंदे नव्हते. त्याच मालिकेत दुसरे मनगटी फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते यांचे पदार्पण झाले होते.

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवरच त्यांची शेवटची कसोटी झाली. ७ कसोटींत १२ बळी, त्यांपैकी ८ एकट्या दिल्लीचे. प्रथम श्रेणीचे आकडे त्यांना अधिक न्याय देतात : ७९ सामने, २३० बळी.

राजकीय नेते शरद पवार यांच्या पत्नी प्रतिभा या त्यांच्या कन्या. वडील गेले तेव्हा त्या लहान होत्या. लॉर्ड्सवरील पदार्पणाला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, वयाच्या ३१ व्या वर्षी, शिंदे यांचे विषमज्वराने मुंबईत निधन झाले.