क्रूसावरील मूर्ती : विटंबना की वंदना?

दक्षिणेत बदली होऊन आल्यानंतर काही महिन्यांनी एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या आईच्या अंत्यविधीस आम्ही कचेरीतील चारपाच मंडळी गेलो होतो. चर्चमध्ये वेदीमागील भिंतीवर पुरुषभर उंचीची क्रूसमूर्ती होती. हातापायांत खिळे, मस्तकावर काट्यांचा मुकुट, बरगडीत भाल्याची जखम. बाहेर पडल्यावर आमच्यातील एक वयस्क मराठी गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "आपल्याकडे मूर्तीचे बोट दुखावले तरी ती खंडित झाली म्हणून आपण विसर्जित करतो. यांनी तर देवाला रक्तबंबाळ अवस्थेतच गाभाऱ्यात ठेवले आहे. ही विटंबना नव्हे काय?"

त्यांच्या प्रश्नात उपहास नव्हता. होती ती व्यथा. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे या विषयाचे वाचन करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न केवळ परधर्मीयाचा नाही. खुद्द ख्रिस्ती लोकांनी तो एकमेकांना शतकानुशतके विचारला आहे आणि त्यापायी मूर्ती घडविल्या आहेत, तशाच फोडल्याही आहेत.

रोमन साम्राज्यात क्रूसावर चढविणे ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यावयाची शिक्षा होती. मृत्यूइतकीच अप्रतिष्ठा हा तिचा हेतू असे. अशा रीतीने मारल्या गेलेल्या पुरुषाला देव मानणारे लोक इतरांच्या चेष्टेचा विषय झाले नसते तरच नवल. रोममधील पॅलेटाइन टेकडीवर 1857 साली एका जुन्या भिंतीवर ओरखडलेले चित्र सापडले. गाढवाचे डोके असलेला एक मनुष्य क्रूसावर टांगला आहे, खाली एकजण हात उंचावून उभा आहे आणि शेजारी अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो आहे, अशा अर्थाची ग्रीक ओळ आहे. हे चित्र बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे असावे. क्रूसावरील येशूच्या अगदी आरंभीच्या चित्रांपैकी एक अशा रीतीने निंदकाच्या हातचे आहे!

आरंभीच्या भाविकांनी स्वतः मात्र हे दृश्य फारसे रंगविले नाही. भूमिगत दफनस्थानांच्या भिंतींवर त्यांनी मासा काढला, नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ काढला. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला. क्रूसाची शिक्षाही मागे पडली. ती डोळ्यांपुढून नाहीशी झाल्यावरच क्रूसाचे चित्रण करण्यास कलावंतांचा हात धजला. रोमच्या सांता साबीना चर्चच्या लाकडी दारावर, सुमारे 430 सालच्या कोरीवकामात, येशू दोन चोरांच्या मध्ये हात पसरून उभा आहे. डोळे उघडे आहेत, मुद्रेवर वेदनेचा लवलेश नाही. क्रूस जवळजवळ दिसतच नाही. ही मूर्ती सोसणाऱ्याची नव्हे, जिंकणाऱ्याची आहे.

यामागे धर्मशास्त्राची एक मोठी अडचण होती. देव अविकारी आहे, त्याला दुःख स्पर्श करीत नाही, ही ग्रीक तत्त्वज्ञानाची शिकवण मुरलेली होती. मग क्रूसावर सोसले कोणी? 451 सालच्या कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या एकाच व्यक्तित्वात दैवी व मानवी अशी दोन स्वरूपे मान्य केली आणि 553 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्रैक्यातील एकानेच देहाने सोसले, हे स्वीकारले. देवाने खरोखरच देह धारण केला असेल, तर त्या देहाच्या वेदना लपविणे म्हणजे अवताराचाच संकोच करणे होय, हा विचार येथून बळावला. 692 साली पूर्वेकडील परिषदेने तर ख्रिस्ताला कोकराच्या प्रतीकाने दाखवू नये, मनुष्यरूपातच दाखवावे, असा नियम केला. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी मूर्ती व चित्रे यांच्याविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा 787 सालच्या निकियाच्या परिषदेने निर्णय दिला की, प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो. पूजा मात्र देवाचीच. आपल्याकडील मूर्तिपूजेविषयीच्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा युक्तिवाद अपरिचित वाटणार नाही.

तरीही मृत देवाची मूर्ती समोर येण्यास दहावे शतक उजाडावे लागले. जर्मनीत कोलोनच्या महामंदिरात गेरो नावाच्या आर्चबिशपच्या नावाने ओळखली जाणारी ओकच्या लाकडाची क्रूसमूर्ती त्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. मान कलंडलेली, डोळे मिटलेले, देहाच्या भाराने दंड ताणलेले. विजयी राजा लोपला होता. राहिले होते एक कलेवर. पुढे संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी हा दुःखी ख्रिस्त इटलीच्या गावोगावी पोचविला.

या मूर्तीचे मर्म ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने आल्सास प्रांतातील कोल्मारच्या संग्रहालयात असलेले मातिआस ग्र्यूनेवाल्डचे वेदीचित्र पाहावे. 1512 ते 1516 या काळात ते इसेनहाइम येथील संत अँथनीच्या मठासाठी रंगविले गेले. राय नावाच्या धान्यावरील विषारी बुरशीमुळे होणाऱ्या भयंकर व्याधीची शुश्रूषा हे त्या पंथाचे काम होते. त्या रोगात अंगाचा दाह होई, हातपाय काळे पडून झडत. ग्र्यूनेवाल्डने रंगविलेल्या ख्रिस्ताची कातडी हिरवट पडलेली आहे, सर्वांगावर काटे रुतून व्रण झाले आहेत, बोटे वेदनेने वाकडी झाली आहेत. रुग्णांना या चित्रासमोर आणीत असत, असे अभ्यासक मानतात. ज्यांच्याकडे पाहण्यास आप्तही कचरत, त्यांना वेदीवर आपल्यासारखाच देह दिसे. आणि सणाच्या दिवशी त्या चित्राची दारे उघडली की आत त्याच देहाचे तेजाने वेढलेले पुनरुत्थान होते. येथे विटंबना कोणाची झाली? उलट, विटंबित देहांनाच प्रतिष्ठा मिळाली.

तथापि विरोधी पक्षाचे म्हणणे सोडून चालणार नाही. धर्मसुधारणेच्या काळात 1524 साली झुरिकच्या चर्चमधून सर्व प्रतिमा काढण्यात आल्या आणि 1566 साली नेदरलंड्समध्ये जमावांनी त्या फोडल्या. देवाला लाकडात कोंडणे हाच अवमान, अशी सुधारकांची भूमिका होती. ल्यूथरने मात्र क्रूसमूर्तीस मज्जाव केला नाही. दुसरा धोका चित्रातच असतो. होल्बाइनने 1521-22 साली रंगविलेल्या थडग्यातील मृत ख्रिस्ताला आशेचा किरणही नाही. 1867 साली बाझेल येथे ते पाहून दोस्तोयेव्हस्की हादरला आणि हे चित्र श्रद्धा नष्ट करील, हा विचार त्याने 'इडियट' कादंबरीत आणला. तिसरा धोका सर्वांत दारुण. या वेदनेचे स्मरण करून युरोपातील जमाव ज्यूंच्या वस्त्यांवर चालून गेले. ज्यू लोकांवर सरसकट हा दोष ठेवता येणार नाही, हे व्हॅटिकनच्या परिषदेने 1965 साली स्पष्ट केले. त्यापूर्वीच, 1938 साली, ज्यू चित्रकार शागालने कमरेला ज्यूंचे प्रार्थनावस्त्र गुंडाळलेला ख्रिस्त रंगवून, खरे सोसतो आहे कोण, हे दाखविले होते.

आपल्या देशात या दोन्ही परंपरा आल्या. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवरील पहलवी लेख असलेल्या प्राचीन दगडी क्रूसावर मनुष्याकृती मुळीच नाही; त्याच्या पायाशी पाकळ्या उमललेल्या आहेत. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर जखमी ख्रिस्त आला, आणि त्याचे दुःख मराठीतही उतरले. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ख्रिस्तपुराणात तो प्रसंग गायिला. ते 1616 साली छापले गेले. ओवीच्या चालीवर ऐकताना तो परका राहिला नसावा. आणि 1931 च्या डिसेंबरात, गोलमेज परिषदेहून परतताना, रोममध्ये अशाच एका क्रूसमूर्तीपुढे गांधीजी खिळून उभे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते. पण आपले डोळे भरून आले, असे त्यांनी नंतर सांगितले.

आदर मूर्तीच्या रूपात नसतो; ती कोणासाठी आणि कशासाठी उभी केली, यात तो असतो. तीच मूर्ती व्याधिग्रस्ताला धीर देते आणि पिसाळलेल्या जमावाच्या हाती शस्त्रही होते. आपण देवाला अखंड ठेवतो, कारण पूर्णत्व हेच आपल्या लेखी त्याचे लक्षण. क्रूसाचे उपासक त्याला भग्न ठेवतात, कारण भग्नांपाशी तो येतो अशी त्यांची श्रद्धा. दोन्हींच्या मुळाशी भक्तीच आहे.

हे सारे मी त्या गृहस्थांना एका संध्याकाळी सांगितले. इसेनहाइमच्या रुग्णांची हकीकत त्यांनी दोनदा विचारली. त्यांची पत्नी तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती, हे मला ठाऊक होते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "खरे आहे. दुखणाइताच्या खोलीत हसरी तसबीर कधीकधी फार दूर वाटते."