समुद्राच्या तळाशी तुटलेली तार किनाऱ्यावरून कशी सापडते?

५ ऑगस्ट १८५८. आयर्लंडच्या व्हॅलेंशिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशी अंथरलेली पहिली तार जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले, तरीही दोन्ही किनाऱ्यांवर जल्लोष झाला. महिनाभरात तार मुकी झाली.

तारेचे विद्युत्-प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने शल्यचिकित्सक. संदेश क्षीण येतो, तर दाब वाढवावा, हा त्यांचा हिशेब. सुमारे २००० व्होल्टच्या दाबाने तारेचा अंत जवळ आला. (सारा दोष त्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे; तारेचे आवरण मुळातच सदोष होते.)

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तारेचा रोध मोजला. एका मैलाचा रोध ठाऊक असेल, तर किनाऱ्यावर मोजलेल्या रोधाला त्याने भागावे. बिघाडाचे अंतर निघते. उत्तर आले: आयर्लंडपासून काही शे मैलांवर. पण रोध मोजायचा कोणत्या एककात? तेव्हा सर्वमान्य एककच नव्हते. १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली. आपण शाळेत शिकतो तो ओहम प्रमाणित होण्यामागे समुद्री तारांची ही निकड होती. १८७० साली मुंबईहून एडनकडे तार टाकली गेली, तोवर अशी मोजमापे नित्याची झाली होती.

शंभर वर्षांनी तांब्याची जागा काचेचा तंतू घेऊ लागला. काचेतून वीज वाहत नाही. मग रोध कशाचा मोजणार?

उत्तर १८७१ सालच्या एका जुन्याच विचारात दडले होते. आकाश निळे का, हे सांगताना लॉर्ड रॅले यांनी सूक्ष्म कणांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाचे गणित मांडले. काचेतही तेच घडते. प्रकाश वाटेत विखुरतो, संदेश क्षीण होतो. अभियंत्यांच्या दृष्टीने ही निव्वळ हानी. पण विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश उलटा फिरतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातील ह्यूज प्रयोगशाळेत बार्नोस्की आणि जेन्सन यांनी तोच पकडला. प्रकाशाचा क्षणिक झोत सोडावा आणि परतणारा उजेड वेळेनुसार मोजावा. एक किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात. वेळेवरून अंतर मिळते.

निदानही याच आलेखात असते. तंतू सरळ तुटला असेल, तर टोकावरून परावर्तन होऊन उंच सुळका उमटतो. तंतू नुसता वाकला असेल, तर सुळका नाही, केवळ एक पायरी खाली. आणि लांब तरंगलांबीवर ती पायरी अधिक खोल. म्हणून दोन तरंगलांब्यांचे आलेख ताडून पाहतात.

पूर्वी तक्रार आल्यावर अभियंता हे उपकरण घेऊन निघे. पुढे ते केंद्रातच बसवले गेले. ते आळीपाळीने एकेका तंतूत झोत सोडते, निरोगी दिवसाच्या आलेखाशी तुलना करते आणि फरक दिसताच इशारा देते. मात्र हे अंतर तंतूचे असते, रस्त्याचे नव्हे. वाटेतल्या चेंबरमध्ये तंतूची वेटोळी राखून ठेवलेली असतात. त्यांची नोंद नसेल, तर खड्डा भलतीकडेच खणला जातो.

समुद्रात आणखी एक अडचण आली. तेथील प्रवर्धक प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे परतणारा उजेड तिथेच अडतो. म्हणून प्रत्येक प्रवर्धकापाशी त्याला जोडीच्या तंतूतून घरी परतण्याची वेगळी वाट करून दिली गेली.

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रडतखडत चालू लागले. दुरुस्तीला आठवड्याहून अधिक काळ लागला. बिघाडाची जागा किनाऱ्यावर बसून काढता येते. पण ती केबल वर आणण्यासाठी आजही, १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने केले तसेच, तळाशी गळ टाकून चाचपडावे लागते.