अर्जनविसापासून वायफायपर्यंत : बीड जिल्ह्यातील कागदाच्या जोडणीचा इतिहास

घरातील प्रिंटरचा वायफायशी असलेला संबंध तुटणे ही वरकरणी अगदी अलीकडची अडचण वाटते. परंतु ज्याला कागद हवा आहे तो माणूस आणि तो कागद तयार करून देणारा हात किंवा यंत्र यांच्यामधील दुव्याचा प्रश्न बीड जिल्ह्यात निजामी राजवटीपासून निरनिराळ्या रूपांत उभा राहत आला आहे. हा दुवा सांभाळण्याचे काम पूर्वी एका स्वतंत्र व्यावसायिकाकडे होते. यंत्रे जसजशी स्वस्त आणि सुटसुटीत होत गेली, तसतसे ते त्याच्याकडून सुटून कागद हवा असलेल्या माणसाच्याच अंगावर येऊन पडले. बिनतारी प्रिंटरची घरगुती दुरुस्ती हा या स्थित्यंतराचा सध्याचा टप्पा होय.

बीड हा हैदराबाद संस्थानाच्या मराठवाडा विभागातील जिल्हा होता. संस्थानच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली, तर रयतेची भाषा मराठी होती आणि गावपातळीवरील जुन्या नोंदींत मोडी लिपीही आढळते. अशा स्थितीत तहसिलीत किंवा न्यायालयात दाद मागणाऱ्याला अर्जनविसाकडे, म्हणजे मोबदला घेऊन कचेरीच्या भाषेत अर्ज लिहून देणाऱ्या लेखनिकाकडे, जावे लागे. अर्जनवीस केवळ अक्षरे उमटवत नसे. तक्रार कोणत्या शब्दांत घालायची, अर्जाला तिकीट किती लावायचे आणि तो कोणाच्या नावे द्यायचा, हेही तोच ठरवी. भाषांतर आणि पत्ता या दोन्ही गोष्टी अशा रीतीने त्याच्या एकट्याच्या हाती होत्या. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. पुढे 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात अधिकृत स्थान मिळाले. भाषेचे अंतर याप्रमाणे मिटले, तरी कचेरीला मान्य होईल असा कागद स्वतः तयार करण्याचे साधन सामान्य माणसाकडे नव्हते.

ही उणीव टंकयंत्राने भरून काढली. गोदरेज कंपनीने 1955 मध्ये देशी बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले आणि त्यानंतरच्या दशकांत देवनागरी कळफलकाची यंत्रे कचेऱ्यांत व कचेऱ्यांच्या आवारात रुळली. अनेक प्रती लागल्या तर सायक्लोस्टाइल वापरले जाई. या पद्धतीत मेणाचा लेप दिलेल्या कागदावर टंकयंत्राने अक्षरे कोरली जात आणि त्या छिद्रांतून शाई दाबून खालच्या कागदांवर मजकूर उतरवला जाई. चेस्टर कार्लसन यांनी 1938 मध्ये सिद्ध केलेली कोरड्या छायाप्रतीची प्रक्रिया भारतात 1980 नंतर सर्वदूर पसरली आणि एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम बनून ‘झेरॉक्स काढणे’ हा वाक्प्रयोग रूढ झाला. या तिन्ही यंत्रांचा एक समान गुण असा की त्यांना दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी बोलावे लागत नसे. बिघाड झाला तर तो समोरच्या लोखंडात, रिबनीत किंवा शाईत सापडे.

संगणक आल्यावर लिहिणे आणि छापणे ही कामे दोन वेगळ्या यंत्रांत विभागली गेली आणि त्यांच्यामधील जोडणी हा प्रथमच तांत्रिक प्रश्न बनला. आरंभी ही जोडणी पंचवीस टाचण्यांच्या जाड केबलने होत असे आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी मानकानंतर ती बारीक केबलने होऊ लागली. केबलचे एक टोक संगणकात आणि दुसरे प्रिंटरमध्ये असल्यामुळे प्रिंटर कोठे आहे हे संगणकाला वेगळे सांगावे लागत नसे. फक्त ‘ड्रायव्हर’, म्हणजे संगणकाची आज्ञा प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलणारी दुभाष्यासारखी आज्ञावली, बसवावी लागे. मराठी मजकुराची अडचण मात्र अधिक होती, कारण युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या अक्षरसंचांची सांकेतिक रचना परस्परांशी जुळत नसे. एका दुकानात टंकलेला मजकूर दुसऱ्या दुकानातील संगणकावर उघडला तर निरर्थक चिन्हे दिसत, आणि म्हणून जेथे टंकले तेथूनच छापून घेणे हा शहाणपणाचा रिवाज पडला.

केबल नाहीशी करणाऱ्या तंत्राचे पहिले मानक 1997 मध्ये आले आणि ‘वायफाय’ हे नाव 1999 मध्ये प्रचारात आले. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 मध्ये परवानामुक्त झाल्यावर घरोघरी राउटर बसवण्याचा मार्ग मोकळा झाला. राउटर हे घरातील सर्व उपकरणांची ये-जा सांभाळणारे यंत्र असून ते जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देते. हा क्रमांक म्हणजे त्या उपकरणाचा पत्ता, आणि तो बहुधा कायमचा नसून ठरावीक मुदतीपुरता दिलेला असतो. बिनतारी प्रिंटरच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या तात्पुरत्या पत्त्यात आहे.

परळी येथे औष्णिक वीज केंद्र असूनही बीड जिल्ह्याच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचा दीर्घ काळ पाहिला आहे आणि वीज जाणे-येणे तेथे नित्याचे आहे. वीज परत आली की राउटर आणि प्रिंटर दोन्ही नव्याने सुरू होतात, प्रिंटरला कधी कधी वेगळा क्रमांक मिळतो आणि संगणक मात्र जुन्याच क्रमांकावर मजकूर पाठवत राहतो; प्रिंटर चालू असूनही पडद्यावर ‘ऑफलाइन’ असे दिसते ते यामुळे. यावरचा तात्पुरता उपाय म्हणजे आधी राउटर, तो स्थिर झाल्यावर प्रिंटर आणि शेवटी संगणक या क्रमाने यंत्रे सुरू करणे, तर पक्का उपाय म्हणजे राउटरच्या मांडणीत त्या प्रिंटरसाठी एक क्रमांक राखून ठेवणे होय. संगणकाच्या छपाईच्या रांगेत अडकलेले जुने काम काढून टाकणेही आवश्यक ठरते, कारण पुढचे काम अडले तर मागची सर्व कामे खोळंबतात.

याखेरीज आणखी तीन कारणे वारंवार आढळतात. पहिले, राउटर किंवा त्याचा पासवर्ड बदलला तरी प्रिंटर जुनाच पासवर्ड धरून बसतो आणि त्याला नवा पासवर्ड द्यावा लागतो. दुसरे, घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखतात, त्यामुळे केवळ 5 गिगाहर्ट्झवर चालणारे जाळे त्यांना दिसतच नाही. तिसरे कारण घराच्या बांधणीत असते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती रेडिओलहरी क्षीण करतात आणि पत्रा त्या परतवून लावतो, म्हणून ओसरीत राउटर आणि आतल्या खोलीत प्रिंटर ही मांडणी अशा घरात सहसा टिकत नाही.

कागदाची गरज मात्र यंत्रांबरोबर कमी झाली नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळू लागला आणि पीकविम्यातील नफा-तोट्याला मर्यादा घालणारी पद्धत ‘बीड पॅटर्न’ या नावाने राज्यभर चर्चिली गेली. पीकविम्याच्या अर्जासाठी सातबारा, पेरणीचे स्वयंघोषणापत्र आणि बँक पासबुकाची प्रत यांची जुळवाजुळव मुदत संपण्याच्या आत करताना ज्याच्या घरचा प्रिंटर रुसला, तो शेवटी सेवा केंद्राच्या रांगेत येऊन उभा राहतो. केंद्रचालक अर्ज भरतो, कागद जोडतो आणि पोच छापून देतो. म्हणजे अर्जनविसाचे काम तेथे नव्या साधनांनी चालूच आहे.

कुणबी जातीच्या जुन्या नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती 2023 मध्ये नेमली गेल्यावर मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेख मोठ्या प्रमाणावर तपासले गेले आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा संगणकावर चढवण्यात आल्या. अशी प्रतिमा आज घरच्या प्रिंटरवर काही क्षणांत छापता येते. परंतु छापलेले पान पुष्कळदा मोडीत किंवा उर्दूत असते आणि ते वाचून घेण्यासाठी घरातल्या माणसांना पुन्हा जाणकाराचा शोध घ्यावा लागतो. यंत्राचा पत्ता जुळला तरी लिपीचे अंतर उरतेच, आणि ते मिटवण्यासाठी ज्याच्याकडे जावे लागते तो मोडी वाचक अर्जनविसाच्याच परंपरेतला आहे.