जुन्या पिकअपचे मीटर बदलताय? काटा फिरला म्हणजे काम झालं असं नाही

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, जुन्या गाड्यांवर जीव लावणारे लोक गावोगाव सापडतात. कुणाच्या शेडमध्ये वडिलांच्या काळातली महिंद्रा जीप आहे, तर कुणाकडे मागे हौदा असलेली टाटामोबाईल २०६. टाटांची ही पिकअप १९८८ मध्ये आली. महिंद्राचा इतिहास त्याहून जुना आहे. १९४७ पासून विलिज जीपचे सुटे भाग आणून कंपनीने जुळणी सुरू केली.

या गाड्यांची इंजिनं अजून चालतात, पण डॅशबोर्डवरचे काटे कधीच झोपलेले असतात. मग रंगकाम करताना मालक म्हणतो, "नवे मीटर पण टाकून घेऊ." इथेच गडबड होते. मीटर दिसायला नवा असतो, पण तो खोटं सांगतो. आणि घाटात खोटं सांगणारा टेंपरेचर मीटर थेट इंजिनच्या जिवावर उठतो.

डॅशबोर्डवर नेमकं काय काय असतं?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या डॅशबोर्डवर पाच गोल मीटर असायचे. स्पीड, इंधन, ऑइल प्रेशर, टेंपरेचर आणि अँपिअर. पुढच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हीच मंडळी कमी-जास्त प्रमाणात दिसतात. पण प्रत्येकाचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. म्हणून बदलण्याची पद्धतही वेगळी.

१. स्पीडोमीटर

जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत एक केबल येते. गाडी चालली की केबल फिरते आणि मीटरमधला लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबकामुळे वाटी ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या ओढाताणीत काटा सरकतो. जर्मनीच्या ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं होतं.

काटा थरथरत असेल तर मीटर बदलण्याआधी केबल काढून बघा. ती कोरडी पडलेली किंवा जास्त वाकलेली असू शकते.

मीटर बदलायचाच असेल तर एक गोष्ट जुळायलाच हवी. एक किलोमीटरला केबल किती फेरे मारते, त्याच हिशेबाचा मीटर हवा. दुसऱ्या मॉडेलचा मीटर खाचेत बसतो, पण वेग चुकीचा दाखवतो. मोठे टायर टाकले तरी हेच होतं. टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर मीटर ६० दाखवत असताना गाडी ६३ ने पळत असते.

तपासायचं कसं? महामार्गावरचे किलोमीटरचे दगड बघत १० किलोमीटर गाडी चालवा. मीटरवर ९.४ पडले तर तो साधारण ६ टक्के कमी मोजतोय. शेजारी बसलेल्याने मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघितला तरी चालेल.

२. डिझेलचा काटा

टाकीत एक फ्लोट असतो. डिझेल कमी-जास्त झालं की तो वर-खाली होतो आणि त्यानुसार विजेचा रोध बदलतो. हा रोध ओहममध्ये मोजतात. युरोपीय पद्धतीच्या अनेक युनिटमध्ये रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. म्हणजे एकदम उलटं! एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा फ्लोट जोडला तर टाकी रिकामी असताना काटा 'फुल' दाखवतो. म्हणून मीटर आणि फ्लोट जोडीनेच घ्या, नाहीतर मल्टिमीटर लावून आकडे जुळवा.

३. टेंपरेचर मीटर

इंजिनमध्ये बसवलेल्या सेन्सरचा रोध पाणी तापलं की कमी होतो आणि काटा वर जातो. काटा हलत नसेल तर इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढा आणि क्षणभर बॉडीला टेकवा. काटा गरमकडे गेला तर मीटर ठीक आहे, दोष सेन्सरमध्ये आहे.

आणखी एक धोका अनेकांना माहीत नसतो. रेडिएटरचं पाणीच निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असताना काटा मात्र खाली येऊ शकतो. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट चढताना वर गेलेला काटा अचानक खाली आला, तर "चला, थंड झाली" म्हणून पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नका.

डिझेल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील तर? काही जुन्या गाड्यांत या दोन्ही मीटरना ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. आधी तो आणि बॉडीचं अर्थिंग तपासा. बऱ्याचदा गंजलेला अर्थचा नट साफ केला की काम होतं.

४. ऑइल प्रेशर

याचे दोन प्रकार. एक वायरवर चालतो. दुसऱ्यात बारीक नळीतून इंजिनचं गरम ऑइल थेट मीटरपर्यंत येतं. ही नळी जुनी असेल तर मीटरसोबत तीही बदला. ती फुटली तर ऑइल पायावर सांडतं आणि इंजिनमधलंही कमी होत जातं.

५. अँपिअर मीटर

सगळ्यात जपून हात लावायचा तो इथे. जुन्या पद्धतीत चार्जिंगचा जवळपास सगळा करंट या मीटरमधून जातो. नंतर कुणी मोठा अल्टरनेटर आणि जादा लाइट लावले असतील, तर ढिल्या नटाजवळ वायर तापून आग लागू शकते. म्हणून बरेच जण त्याजागी व्होल्टमीटर बसवतात. तेव्हा अँपिअर मीटरच्या दोन्ही जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून झाकाव्या लागतात, आणि व्होल्टमीटरला फ्यूज लावून वेगळी वायर द्यावी लागते. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार स्पीडोमीटर बंधनकारक आहे. त्यामुळे एमएच १६ असो की एमएच १७, पासिंगला जाण्याआधी तो चालू हवा. विशेष म्हणजे नवी वाहनं तपासून प्रमाणित करणाऱ्या ज्या संस्थांची नावं या नियमांत आहेत, त्यात आपल्या नगरची व्हीआरडीई ही डीआरडीओची संस्थाही आहे.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि व्यावसायिक वापरात नसेल, तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून मूळ मीटर फेकू नका, दुरुस्त होतो का ते आधी बघा.

मीटर बदलला की जुन्याचं रीडिंग, तारीख आणि फोटो जपून ठेवा, आणि गाडी विकताना ते समोरच्याला दाखवा. नव्या मीटरवरचे कमी किलोमीटर खरे म्हणून सांगून गाडी विकणं ही फसवणूक ठरू शकते.

काम सुरू करण्याआधी

- बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- डॅशबोर्डच्या मागचे फोटो काढा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा.
- गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, ते बघून मगच मीटर घ्या.
- जुना मीटर नमुना म्हणून दुकानात सोबत न्या.
- बसवल्यावर आधी गावातल्या गावात चालवून सगळे काटे तपासा. घाट त्यानंतर.