संगणकातला 'मुंबई टाइम'

भाचीचं लग्न अमेरिकेत, मुहूर्त आपल्या रात्री आठचा. अक्षता संगणकावरूनच टाकायच्या होत्या. 'आठाला उठव' असं त्या यंत्राला बजावून मी जरा आडवा झालो. त्यानं इमानानं उठवलं. रात्री दीड वाजता! सौ. तेव्हा मुलीकडे होती. तिनं तिथून सगळं पाहिलं. 'तुम्ही कुठे दिसला नाहीत ते?' हा तिचा प्रश्न अजून घरात मुक्कामाला आहे.

जाणकार म्हणाले, सेल गेला असेल. संगणक बंद असताना वेळ सांभाळायला त्याच्या पोटात रुपयाएवढा सेल असतो. तो बदलला. तरी घड्याळ मागेच, आणि तेही बरोबर साडेपाच तास! मरणारा सेल इतका हिशेबी नसतो.

शेवटी नातवानं कबुली दिली. त्यानं विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाचं दुसरं बिऱ्हाड आणून ठेवलं होतं. आतलं घड्याळ एकच. लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ लावून जातो आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतो. बिघाड कशातच नाही. फक्त दोघांचं एकमत नाही.

हे ऐकलं आणि मला गिरगावातले आजोबा आठवले. त्यांना वेळ विचारली की ते आधी विचारत, "कुठली? मुंबई की स्टँडर्ड?"

सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. त्या हिशेबानं मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावायची. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईच्या गळ्यात बांधून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये ती सोडावी लागली. मग १ जानेवारी १९०६ रोजी साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायची होती. बाबूंना ती काट्याची फिरवाफिरव वाटली. गिरणी कामगाराची मात्र तेवढी साखरझोप जाणार होती. त्याच महिन्यात कामगारांनी दंगा केला. महापालिकेनं आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं एका शहरात दोन वेळा सुखानं नांदल्या. गाडी चुकलेल्या माणसाला तेवढी एक सबब तरी होती.

आमच्या घरातला तंटा लवकर मिटला. आतलं घड्याळ ग्रिनिचचंच आहे, हे नातवानं विंडोजलाही एकदा कळवून टाकलं. तेव्हापासून दोन्ही बिऱ्हाडं एकच वेळ सांगतात.

आता फक्त भाचीचा रुसवा काढायचा आहे. काल तिला फोन लावला. झोपेतच म्हणाली, "मामा, वाजले किती?"

मी आजोबांचाच नातू. विचारलं, "कुठले? तुझे की माझे?"